तुळसावयनीचं पिवळं पुस्तक

आमच्या घरात ताटं वाढली हे शेजाऱ्यांना मासळीच्या वासावरून कळत नसे, माझ्या दादाच्या आवाजावरून कळे. "मीठ खंय गेला?" अशी आरोळी झाली की पलीकडची काशीबाई आपल्या सुनेला म्हणे, "पानां घे गो, गुरुदास जेवूक बसलो." खोटं सांगत नाही. जामसंड्यात तेव्हा घड्याळं थोडी होती आणि दादाचं तोंड वक्तशीर होतं.

गुरुदास माझा थोरला भाऊ, मचव्यावरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. मुंबईहून मीठ, कौलं, मिळेल तो माल शिडाच्या मचव्यातून देवगड बंदरात आणायचा. तुळसा त्याची बायको, माझी वयनी. आणि मी विमला, जामसंड्याच्या शाळेतली मास्तरीण, लग्न न केलेली, भावाच्या घरात राहणारी आणि कोणाचं ऐकून न घेणारी. मी सांगते आहे ते एका पुस्तकाबद्दल. पिवळ्या पुठ्ठ्याचं, शाकाहारी स्वयंपाकाचं, पातळसं पुस्तक. मासे खाणाऱ्या घरात ते कसं आलं आणि तुळसावयनीने ते कसं पारखून घेतलं, ते ऐका. मध्ये बोलू नका, मला वर्गातही ते चालत नसे.

वयनी मसुऱ्याची. अंगाने लहान चणीची, पण हसायला लागली की घरावरची कौलं हलावीत. गावातल्या काजूच्या शेडमध्ये ती भाजलेल्या बिया फोडायला जाई. बियांच्या चिकाने बोटं कायमची काळी. सकाळी गेलेली बाई दिवेलागणीला घरी येई, आणि आल्या आल्या चूल पेटवी. आता इथे शहरातल्या लोकांना एक गोष्ट समजत नाही, म्हणून सांगते. त्यांना वाटतं, मासे म्हणजे थाटाचं जेवण. अहो, कसला थाट! दमून आलेल्या बाईला माशांइतकं सोपं दुसरं काही नाही. उकड्या तांदळाचा भात चुलीवर चढवायचा. तो रटरटतोय तोवर बांगडे साफ करायचे, खोबरं-मिरची पाट्यावर फिरवायची, चार तिरफळं ठेचून टाकायची, दोन कोकमाची सोलं. भाताची पेज काढेपर्यंत माशांचं सार तयार. ना निवडणं, ना भिजवणं, ना मोड काढणं.

एवढं करून ती वाढी, आणि दादा पहिल्या घासालाच सुरू. "सार पातळ झाला." "तिरफळां मोजून घातलंस?" "माझी आवस असा करी नाय." आवस म्हणजे आमची आई. वयनी पदराने वारा घेत म्हणे, "नावां ठेवतत आणि ताट चाटतत. जेवा मुकाट." दादा तिसऱ्यांदा भात घेई आणि तोंड चालूच ठेवी. मला त्याचा संताप येई. मी एकदा म्हटलं, "दादा, एवढं वाईट असतं तर बांगडा पाच वेळा कशाला घेतोस?" तर म्हणतो, "खावन बगल्याशिवाय कसा सांगतलंय?" पण वयनीला त्याचं काही वाटत नसे. उलट तो मचव्यावर असला आणि घरात शांतता असली की ती म्हणे, "घर कसा मसणासारखा वाटता गो विमल. जेवणाक कोण शिव्या घालणारा नाय."

अठ्ठावन्न सालची गोष्ट. गावच्या देवीची जत्रा नुकतीच होऊन गेली होती आणि दादाचा मचवा मुंबईहून निघाला होता. मध्येच दर्या फिरला. कार्तिकात असं तुफान येतं कधी कधी. बंदरावर माणसं गोळा झाली, कोणी म्हणालं विजयदुर्गात शिरले असतील, कोणी काहीच म्हणालं नाही. जे काही म्हणत नव्हते त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वयनी शेडमधून घरी आलीच नाही. तशीच काळ्या हातांनी देवळात गेली, मी तिच्या मागोमाग.

आमच्याकडे देवाकडे मागायचं ते गुरवाच्या तोंडून. गुरव गाऱ्हाणं घालतो, जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि बोललेला नवस पुढच्या जत्रेला फेडायचा. नारळ बोलतात, केळ्यांचा घड बोलतात, कोणी कोंबडा. धोंडू गुरव म्हणाला, "बोल बाये, काय बोलतंस?" वयनी म्हणाली, "ह्यांका घराक आण. येत्या जत्रेपर्यंत ह्यांच्या तोंडाक म्हावरा लागूचा नाय." म्हावरा म्हणजे मासळी.

गुरवाने मान वर केली. "अगो, दुसऱ्याच्या तोंडाचो नवस तू कसो बोलतंस?"

"माझ्या तोंडाचो बोललंय तर देवी म्हणतली, हिचा काय जाता? ह्यांका म्हावऱ्यापरास लाडका कायेक नाय. मोठा मागतंय तर मोठाच देवक व्हया."

मलाही तेव्हा ते पटलं. दारात मरण उभं असताना कोण हिशेब करतं? गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही चार-पाच माणसं होतो तेवढ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. वयनीचा आवाज सगळ्यांत मोठा.

आणि दादा आला! डोलकाठी मोडलेला मचवा कसाबसा विजयदुर्गाच्या खाडीत शिरला होता. तिथून चालत, मिळेल त्या गाडीने, तळेऱ्याच्या तिठ्यावरून जामसंड्याला. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याचा सदरा. काशीबाईने आनंदाने अख्खी सुरमई पाठवून दिली. वयनीने ती तशीच परत पाठवली, दादाला पाटावर बसवलं, डाळ-भात वाढला आणि समोर उभी राहून सांगून टाकलं, "मिया तुमच्या नावान नवस बोललंय. जत्रेपर्यंत म्हावरा बंद."

मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होते. दादाने डाळीकडे बघितलं. वयनीकडे बघितलं. "बरा," म्हणाला. आणि सगळं ताट पुसून खाल्लं. मिठाला नाव नाही, तिखटाला नाव नाही, आवशीची आठवण नाही. हात धुतला, उठला.

वयनी माझ्याकडे बघत राहिली. "दमलेत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तो दमलेलाच होता. आठवडा गेला तरी दमलेलाच. इतर बाबतीत अगदी पहिल्यासारखा. मोडका मचवा मालकाने विकायला काढला, तेव्हा दादा बंदरात पडावावर लागला. आगबोट लांब उभी राहायची, तिच्यातली माणसं पडावातून किनाऱ्याला आणायची. ते काम करून रोज संध्याकाळी घरी येई, गप्पा मारी, माझी थट्टा करी. पण पाटावर बसला की तोंडाला कुलूप. वाढलेलं शीत न शीत खायचं आणि उठायचं.

"रागावलेत," वयनी म्हणाली. "म्हावरा सोडवलंय त्येचो राग. तोंडान बोलनत नाय, पण जेवणाच्या येळाक माझ्याकडे बगनत पण नाय."

"अगं, जीव वाचला त्याचा!"

"जीव वाचलो ता खरा. पण जिवाची चव मिया घेतलंय मां?"

मी उठून तिच्या ताटात भात वाढला.

खरी पंचाईत पुढे होती. शिवराक जेवण, म्हणजे शाकाहारी, आम्हाला नवीन नव्हतं. सोमवार पाळत होतो, श्रावण पाळत होतो. पण श्रावणात पुढे मासळी दिसत असते, त्या आशेवर माणूस दुधी पण खातो. इथे जत्रेपासून जत्रेपर्यंत, रोज रात्री, दमून आल्यावर काय करायचं? काळे वाटाणे करायचे तर आदल्या दिवशी आठवण हवी. फणस साफ करायला रविवार हवा. मग राहते काय? कुळथाची पिठी. झटकन होते, गुणाला चांगली, सर्दीला उत्तम. पण रोज? पौष महिन्यापर्यंत माझ्या अंगाला कुळथाचा वास यायला लागला. मी काही नवस बोलले नव्हते, पण एका घरात दोन चुली पेटत नाहीत. दर बुधवारी मी माझ्याच शाळेतल्या सुशीलाबाईंकडे उघड उघड बांगडा खायला जात असे आणि वयनी म्हणे, "जा बाय जा, तू तरी जीव जगव."

त्या सुशीलाबाईंनीच सांगितलं की नुसत्या शाकाहारी स्वयंपाकाची पुस्तकं छापलेली मिळतात. मी घरी येऊन सांगितलं तर वयनी कौलं हलेपर्यंत हसली. "रांदूक पुस्तक? उद्या दर्यात पवूक पण पुस्तक वाचतले!" पण त्या संध्याकाळी दादाने पुन्हा पिठी-भात मुकाट संपवला, आणि भांडी घासता घासता तिने विचारलं, "विमल, ता पुस्तक खंय मेळता?"

पुढे आंगणेवाडीच्या जत्रेला, ती आमच्या गावची नव्हे, मसुऱ्याकडची, आम्ही मसुऱ्याला तिच्या माहेरी गेलो. देवीचं दर्शन झालं, ओटी भरून झाली, आणि मग खाजा-चिवड्याच्या दुकानांच्या पलीकडे एका पालात पुस्तकवाला सापडला. घाटावरचा माणूस, डोक्याला रुमाल, समोर पोथ्या, पंचांगं, भविष्याची पुस्तकं. मी विचारल्यावर त्याने तळातून तीन पुस्तकं काढली. एक लाल, जाडजूड. एक निळं, बऱ्यापैकी. एक पिवळं, पातळ, कोपऱ्याला उंदराने चव घेतलेली.

"लाल घ्या ताई," तो मला म्हणाला. "घरंदाज पुस्तक आहे. लग्नकार्यापासून सगळं."

"माका विचारा," वयनी म्हणाली आणि मधोमध फतकल मारून बसली. चौथी पास होती ती. बोट ठेवून वाचायची, पण शब्द सोडायची नाही. तिने लाल पुस्तक मधूनच उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "'आदल्या रात्री हरभरे भिजत घालावे.'" पान उलटलं. "'आदल्या दिवशी दही टांगून ठेवावे.'" आणखी एक पान. "'दोन दिवस आधी...'" तिने पुस्तक मिटलं. "ह्या पुस्तकातली बाई कामाक जायत नाय. हेका ठेवा बाजूक."

"अहो बाई, स्वयंपाकाला थोडी तयारी लागतेच."

"तयारी केली आसती तर पुस्तक कित्याक घेतलंय आसतंय?"

पुस्तकवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

निळं पुस्तक जरा बरं निघालं. भिजवणं नव्हतं. पण त्यात फ्लॉवर होता, पानोपानी. फ्लॉवरचा रस्सा, फ्लॉवर-बटाटा, भरलेला फ्लॉवर. जामसंड्यात तेव्हा फ्लॉवर कोणी पाहिला होता? वयनी म्हणाली, "ह्या फुलाचा झाड मिया बगलंय नाय. तुमी बगलात?" पुस्तकवाला प्रामाणिक माणूस. म्हणाला, "एकदा कोल्हापुरात."

राहिलं पिवळं. ते तिने पहिल्या पानापासून धरलं. लिहिणाऱ्या बाईने सुरुवातीलाच म्हटलं होतं की संध्याकाळी दमून घरी आलेल्या बाईला रोज पक्वान्न करायला सांगणारा माणूस एकदा स्वतः चुलीपुढे बसवावा. वयनीने ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज बदलला. "हिका आमचा घर म्हायत आसा गो."

मग तिने शेवटची परीक्षा घेतली. पुस्तकवाल्याला म्हणाली, "ह्यातला जेवण, चुलीर भात आसताना होतला काय?"

"म्हणजे?"

"भात रटरटता. पेज काढीपर्यंत झाला व्हया. होतला?"

त्या बिचाऱ्याने आयुष्यात भात शिजताना बघितला नसावा. तो म्हणाला, "होईल की." बांगड्या भरायला ठेवलेले पैसे वयनीने त्याच्या हातावर ठेवले आणि जत्रेतून मोकळेच हात घेऊन, काखेत पुस्तक मारून परत आली. तिच्या आईने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या चुलीपुढे पुस्तक मांडलं गेलं. मी म्हणते ते खरं माना, पुस्तक चांगलं होतं. कांद्याची पीठ पेरलेली भाजी, ताकातला पालेभाजीचा गरगट, मुगाच्या डाळीचं वरण, वांग्याचं झटपट भरीत. सगळं भात शिजायच्या आत. फक्त त्या बाईचा हात गुळाला सैल होता. आमटीत गूळ, भाजीत गूळ, कोशिंबिरीत साखर. वयनी पुस्तकाबाहेर जायची नाही. म्हणे, "लिवलेला आसा ता घालूक व्हया." पहिली गोड आमटी खाल्ली तेव्हा मी म्हटलं, "वयनी, ही आमटी आहे की खीर?" आणि आम्ही दोघी दादाकडे बघायला लागलो. आता फुटेल. आता तरी फुटेल. दादाचा चेहरा क्षणभर असा झाला, जसा पडावात पाणी शिरल्यावर होत असेल. त्याने डोळे मिटले, गिळली, वाटी पुसून साफ केली आणि उठला.

पुस्तकातली पानं एकेक करून संपत आली. आवडलं असेल तर ते कळेना, नावडलं असेल तर तेही कळेना. पुस्तक घेतलं, पण त्यातलं निवडायचं कशावरून? मला विचारून उपयोग नव्हता, मी सगळ्यालाच नावं ठेवत होते. वयनीला माझी नावं नको होती. तिला त्याची हवी होती.

आषाढात एकदा तिने हद्दच केली. आमटी केली आणि तीत मीठ घातलंच नाही. विसरून नव्हे, मुद्दाम! मला आधी सांगून. "आज बोलतलेच. मीठ नाय म्हटल्यार दगडपण बोलतलो." माझ्यासाठी वेगळ्या वाटीत मिठाची ठेवली. दादा बसला. भुरका मारला. थांबला. वयनी पुढे सरकली. मीही सरकले. दादाने दुसरा भुरका मारला, तिसरा मारला, भात कालवला आणि ती अळणी आमटी शेवटच्या थेंबापर्यंत संपवून हात धुवायला गेला.

वयनी उठली ती थेट विहिरीवर. मी गेले तर कठड्याला धरून रडत होती. तुफानाच्या दिवशी रडली नव्हती ही बाई. "मीठ नाय घातलंय, तरी बोलूक नाय गो. इतको राग? माका दोन शिव्या घालूकपण उरलंय नाय मिया?"

माझं डोकं फिरलं. तशीच ओटीवर गेले. "दादा, काय मांडलंयस हे? बायकोने तुझ्यासाठी देवीला शब्द दिला, तो काय गुन्हा केला? राग असेल तर बोल. असं मुकं राहून कोणाचा जीव घेऊ नये."

दादाने बिडी विझवली. मग म्हणाला, "जत्रा होवंदे. मगे सांगतंय."

"मग म्हणजे काय?"

"मगे म्हणजे मगे. आता इचारू नको, बाय."

मूर्खासारखं मी ते वयनीला जाऊन सांगितलं. आमचा चुलतभाऊ लवू मुंबईला गोदीत होता, तो दादाला कधीपासून बोलवत होता. "समाजलंय," वयनी म्हणाली. "नवस फिटलो काय मुंबैक जातले. तवसर देवीच्या धाकान ऱवलेत." त्यानंतर तिने विषय काढला नाही. हसणंही कमी झालं. पुस्तक मात्र रोज चुलीपुढे मांडायची. श्रावण आला, गणपती झाले, दसरा झाला. मला जत्रेची कधी भीती वाटली नव्हती, त्या वर्षी वाटली.

जत्रेच्या दिवशी सकाळी देऊळ गच्च भरलं होतं. सभामंडपात एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका. धोंडू गुरव एकेकाचा नारळ घेई, नवस काय होता ते त्याच्या कानात ऐकून घेई आणि मग अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात देवीला सांगे. त्या माणसाचा आवाज म्हणजे आगबोटीचा भोंगा. गाऱ्हाणं हे असंच असतं, देवीला हळू सांगून चालत नाही.

वयनीचा नारळ पुढे गेला. "बाये माझे आवशी, ह्या तुळसान घोवाच्या तोंडाचो नवस बोललो होतो. जत्रेपर्यंत म्हावरा सोडवलान. ता पाळल्यानी. आता ह्येंका मोकळा कर आणि सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. वयनी खाली बघत होती. बाजूला सरली.

तेवढ्यात दादा दुसरा नारळ घेऊन पुढे झाला.

"तुझो झालो मां?" गुरव म्हणाला.

"तो तिचो. ह्यो माझो."

वयनीने मान वर केली. दादा गुरवाच्या कानाशी वाकला. बराच वेळ बोलला. गुरवाच्या भुवया चढल्या. त्याने दादाकडे बघितलं, मग बायकांकडे बघितलं, खाकरला आणि सुरू केलं.

"बाये माझे आवशी! ह्यो गुरुदास तांडेल, तुझा लेकरू. गेल्या सालात तुफानात मचव्याची काठी मोडली, तेवा दर्यात उभो ऱवान ह्येना नवस बोललो होतो... काय तर..." गुरवाला इथे हसू आवरेना, पण कर्तव्य ते कर्तव्य. "काय तर, माका घराक पोचव. येत्या जत्रेपर्यंत बायलेच्या रांदपाक नाव ठेवचंय नाय! वाडीत ता खायन, ताटात शीत उरवचंय नाय! आणि आवशी, ह्येना ता पाळल्यान! गोड आमटी पाळल्यान! अळणी आमटी पाळल्यान!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ गरजलं. बायकोच्या स्वयंपाकाला वर्षभर नाव न ठेवणं, हा दादाचा नवस! आणि मग जे हसू फुटलं! काशीबाई तर खांबाला धरून बसली. आमच्याकडे गुरवाशिवाय, एकट्याने बोललेला नवस फेडेपर्यंत मनात ठेवायचा असतो, बोलला तर बाटतो असं मानतात. वयनीचा देवळात बोललेला, आणि तो दादाला सांगणं भागच होतं, कारण तोंड त्याचं होतं. दादाचा नवस मात्र दादाच्याच तोंडाचा, म्हणून ते वर्षभर शिवलेलं.

वयनी बायकांमधून दोन पावलं पुढे आली. मग देवी, गुरव, गाव, कोणाची भीडमुर्वत न ठेवता तिकडून ओरडली, "अवो! आणि मिया आषाढात बावीर बसान रडलंय ता?"

दादा नारळ हातात धरून उभा. कान लाल. "माका काय म्हायत तू मीठ मुद्दाम नाय घातलंस? माका वाटला, पुस्तकात तसाच आसा."

देवळात पुन्हा हसण्याचा पूर. देवीलाही हसू आलं असेल, मी पैजेवर सांगते.

जत्रेचा दिवस म्हणजे घरी शिवराकच. दुपारी वयनीने पुस्तक उघडलं नाही. भात चढवला आणि तो रटरटत असताना पुस्तकातलीच आमटी केली, पण पाठ झालेली, गूळ वगळून, चार तिरफळं आपल्या मनाने ठेचून. दादाला वाढलं. आणि मी सांगते, परीक्षेच्या निकालाला पोरं उभी राहत नाहीत तशी ती समोर उभी राहिली, काळ्या बोटांत पदराचं टोक.

दादाने भुरका मारला. जिभेवर घोळवला. तिच्याकडे बघितलं, वर्षात पहिल्यांदा, पाटावरून.

"मीठ कमी आसा," म्हणाला.

वयनी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "हाडतंय, हाडतंय," म्हणत मिठाच्या मडक्याकडे धावली. पलीकडून काशीबाईचा आवाज आला, "पानां घे गो! गुरुदास जेवूक बसलो!"

नंतर दादा असा काही सुटला की विचारू नका. "विमल, हाड ता पुस्तक!" मी पान वाचायचं आणि त्याने निकाल द्यायचा. वर्षभराचं सगळं पोटात साठवलेलं. "चिंच-गुळाची आमटी? ती वैऱ्याक घाल." "ता गरगट? तीन येळा केलंस. पयल्यांदा बरा झालेला, मगे करपवलंस." "कोशिंबीर? साखर घालून काय ता, प्रसाद?" वयनी प्रत्येकाला उत्तर देत होती, दोघंही एकदम बोलत होती, आणि मला कोणाचं ऐकावं कळेना. मधूनच तो हळू म्हणे, "ही कांद्याची भाजी बरी होती. परत कर," आणि वयनी हळदीच्या डब्यात बोट बुडवून त्या पानाच्या कडेला टेकवी. ती हळदीची बोटं अजून आहेत. पुस्तक आता माझ्याकडे असतं. मासळी दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात परत आली, पण दमलेल्या संध्याकाळी, बंदरावर काही नसलं की, वयनी हळद लागलेलं पान उघडी. पुस्तक तिने मसुऱ्याला विकत घेतलं होतं, पण निवडलं ते त्या दुपारी. दादा मुंबईला गेला नाही. जाणारही नव्हता.

आता तुम्ही विचाराल, आमटीत मीठ खरंच कमी होतं का?

मी त्याच तोपातली आमटी जेवत होते. मीठ अगदी नेमकं होतं, कणभर इकडेतिकडे नाही. आणि वयनी मडक्याकडून धावत आली, दादाच्या ताटावर चिमूट सोडली, तेव्हा मी शेजारीच बसले होते. तिच्या बोटांत मिठाचा एक खडा नव्हता. दादाने आमटी पुन्हा कालवली, भुरका मारला आणि म्हणाला, "आता बरी झाली."